पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका

त्याला सगळे 'आधीऐका' म्हणायचे. विमानतळावर उतरलेल्या नव्या माणसांना शहरात आणून सोडणारी पांढरी व्हॅन तो चालवायचा. आपल्याकडची माणसं, बहुतेक पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकलेली, तारवटलेल्या डोळ्यांनी मागच्या सीटवर बसायची, पट्टा कुठे अडकवायचा ते चाचपडत शोधायची, आणि हा आरसा नीट करत म्हणायचा, "आधी ऐका."

मग शहर येईपर्यंत त्याच्या जिभेला विश्रांती नसायची.

"रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीनं उजवीकडे वळते, आणि गाडी नेमकी आपण बघत नाही तिकडून येते. खोलीचं दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं. म्हणून किल्ली आधी गळ्यात, मग पाऊल बाहेर, अगदी कचरा टाकायला जायचं असलं तरी. आज कितीही झोप आली तरी बाहेर उजेड आहे तोवर पडायचं नाही. एकदा आडवे झालात की आठवडाभर घुबडासारखे जागाल. दुकानात दिसेल त्या वस्तूचा भाव आपल्या पैशात करून बघू नका, नाहीतर पहिल्या महिन्यात उपाशी मराल. राहत्या घराचा पत्ता इथल्या भाषेत लिहून घ्या आणि बुटात ठेवा. पाकीट चोरीला जातं, फोन बंद पडतो, बूट पायातच राहतो. आणि जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही. समोरचा हसत असला तरी नाही. हसत असला तर मुळीच नाही."

माणसं हसायची. निम्म्या गोष्टी उतरेपर्यंत विसरायची. पण पहिल्या दिवशी परक्या मुलुखात आपल्या भाषेत कुणीतरी दटावतंय, याचाच त्यांना आधार वाटायचा.

हे सगळं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो स्वतः पहिल्यांदा आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून दाढीचा फेस तोंडावर घेऊन, कमरेला टॉवेल गुंडाळून, जिन्यातल्या दिव्याचं बटण शोधायला बाहेर आला होता. मागे दार खट्‌कन बंद झालं. किल्ली आत, कपडे आत, आणि इथल्या भाषेतला एकही शब्द पदरात नाही. शेजारच्या म्हातारीनं दार किलकिलं करून बघितलं, परत लावलं, आणि थोड्या वेळानं आपला फुलाफुलांचा झगा बाहेर टाकला. तो झगा घालून तो जिन्यात बसून राहिला, संध्याकाळी साडू येईपर्यंत.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यानंच या दोघांना इथं बोलावून घेतलं होतं. त्या संध्याकाळी साडू जिना चढून वर आला, झग्यातल्या त्याला बघून क्षणभर थांबला, आणि न हसता म्हणाला, "चल, आधी काहीतरी खाऊन घे." हसला तो नंतर, पोट दुखेपर्यंत, पण याला खायला घातल्यावर. त्या न हसण्याचं ओझं आधीऐकानं पुढे कित्येक वर्षं आनंदानं वाहिलं. साडूला तो 'दादा' म्हणायचा आणि मनातूनही तसंच मानायचा.

साडूचं नव्या कामगारांसाठी एक राहायचं घर होतं. चार मजल्यांची जुनी इमारत, प्रत्येक खोलीत दुमजली लोखंडी पलंग, तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि साडूची कचेरी. थोरली तिथली व्यवस्था बघायची. आलेल्याला आधी गरम चहा, मग आंघोळीला गरम पाणी, मग पलंग दाखवायचा. बायामाणसं तिला पहिल्याच दिवशी 'ताई' म्हणायला लागायची. साडू त्यांना कामं लावून द्यायचा. कुणी गोदामात, कुणी हॉटेलात भांड्यांना, बरेचजण गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. व्हॅनही साडूनंच घेऊन दिली होती, आणि विमानतळावरच्या फेऱ्याही त्याच्याच.

एकदा साडूनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, "अरे, तू त्या लोकांना पासपोर्टबद्दल इतका धाक घालतोस की नोंदणीसाठी मागितला तरी छातीशी धरून बसतात. जरा सांग की, आमच्याकडे द्यायला हरकत नाही म्हणून."

त्याला ते पटलं. नोंदणी तर करावीच लागते. तेव्हापासून त्याच्या पासपोर्टबद्दलच्या बोलण्याला शेवटी एक भर पडली. "पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका. पोलिसाला दाखवा, पण परत घ्या. मालकानं मागितला तर झेरॉक्स द्या. द्यावाच लागला तर फक्त या घरात द्या. इथं माझी सख्खी माणसं आहेत."

अशी बरीच वर्षं गेली.

त्या हिवाळ्यात त्याचा गुडघा धरला म्हणून तो सरकारी दवाखान्यात गेला. नंबर यायला वेळ होता. भिंतीला टेकून बसलेल्या माणसांत त्याला एक ओळखीचा चेहरा दिसला. तिशीच्या आतबाहेरची बाई, उजव्या हाताच्या बोटाला बोटापेक्षा मोठं बँडेज. उन्हाळ्यात त्यानं तिला व्हॅनमधून आणलं होतं. शिवणकामाला आलेली, गाडीत सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. त्यानं हात केला. तिनं तोंड फिरवलं.

तो उठून तिच्या शेजारी जाऊन बसला. "ओळखलं नाही वाटतं?"

"ओळखलं म्हणूनच तोंड फिरवलं."

त्याला वाटलं, बोट दुखत असेल. "सुई गेली का आरपार?"

"गेली." ती समोर बघत म्हणाली. "लक्ष नव्हतं. आईचं ऑपरेशन आहे आणि मला जाता येत नाहीये, याचाच विचार चालला होता."

"रजा देत नाहीत?"

"रजेचं सोडा. पासपोर्ट देत नाहीत."

"कोण, कारखानेवाले? मी तर सांगितलं होतं, मालकाला फक्त झेरॉक्स..."

आता ती वळली. "काका, तुम्ही खरंच विचारताय की सोंग करताय?"

"खरंच विचारतोय."

"मी गाडीतून उतरताना तुम्हाला विचारलं होतं. खरंच देऊ का, म्हणून. तुम्ही म्हणालात, माझ्या बायकोची सख्खी बहीण आहे ती. मी दिला. नोंदणी झाली, परत मागितला. ताई म्हणाल्या, कपाटात सुरक्षित आहे. आईचं कळलं तेव्हा मागितला, तर म्हणाल्या, दोन वर्षांचा करार पुरा होऊ दे. मी कसला करार म्हटलं, तर नोंदणीच्या वेळी माझी सही घेतलेला कागद दाखवला. आमच्यातल्या एकीनं नोकरी सोडायची म्हटली, तिलाही तेच. कुणी आवाज चढवला की ताईंचे साहेब म्हणतात, पासपोर्टाशिवाय रस्त्यात सापडलात तर तुरुंगात जाल."

"मला यातलं काही माहीत नाही," तो म्हणाला.

"असेलही तसं," ती म्हणाली. "पण आमच्या खोलीत तुमचं नाव निघालं की बायका काय बोलतात ते ऐकू नका."

तेवढ्यात तिचा नंबर आला. ती बँडेजचं बोट वर धरून आत गेली. त्याचाही नंबर पुकारला असावा, पण तो बाहेर पडला होता.

तिथून तो थेट साडूकडे गेला. रस्ताभर मनाला समजावत होता की काहीतरी गैरसमज असणार. थोरली तोंडानं जरा कडक आहे, पोरी घाबरल्या असतील. साडू कचेरीत एकटाच बसून संत्रं सोलत होता. त्यानं अर्धं पुढे केलं.

"दादा, लोकांचे पासपोर्ट तुम्ही परत देत नाही का?"

साडूनं एक फोड तोंडात टाकली. "कोण म्हणालं?"

"देता की नाही, एवढंच सांगा."

"देतो की. वेळ झाली की देतो." साडूचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "हे बघ, मी कुणाला बांधून ठेवलेलं नाही. दारं उघडी आहेत. पण मी कारखान्याला शब्द देतो की माणसं टिकतील. आणि ही येतात, दोन महिन्यांत इथली हवा लागते, की निघाली दुसरीकडे. मग माझं कारखान्याशी बिघडतं. पासपोर्ट कपाटात असला की माणूस जरा विचार करून वागतो."

"तिची आई आजारी आहे."

"प्रत्येकाचं कुणीतरी आजारी असतं रे."

"मी त्यांना शब्द दिला होता, दादा. इथं द्या म्हणून मी सांगितलं. तुम्ही मला सांगायला लावलंत."

साडूनं हात पुसले. "मी नोंदणीचं सांग म्हटलं होतं. 'सख्खी माणसं' हे तू तुझ्या मनानं घातलंस. पण छान घातलंस. तेव्हापासून कुणी का-कू केली नाही." मग समजूत काढावी तसं म्हणाला, "तुला काय वाटतं, मला दुसरा ड्रायव्हर मिळत नव्हता? तुझ्यापेक्षा बरी गाडी चालवणारे होते. पण तू बोललास की माणसं विश्वास ठेवतात. ते काही सगळ्यांना जमत नाही. आता डोक्यात राख घालून घेऊ नकोस. चहा घेतोस?"

आतल्या दारात थोरली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती फक्त म्हणाली, "जेवून जा. तुमच्या आवडीचं केलंय."

न जेवता तो बाहेर आला आणि व्हॅनमध्ये बसला, पण किल्ली फिरवेना. पाठीमागच्या सीटवर त्याला एकेक चेहरा दिसायला लागला. भिंतींना रंग लावायला आलेला एक म्हातारा कारागीर, जो प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा. दोघी बहिणी, एकमेकींचा हात घट्ट धरून बसलेल्या. एकानं तर त्याचं सगळं बोलणं फोनमध्ये भरून घेतलं होतं, घरच्यांना ऐकवायला. या सगळ्यांना त्यानं बजावून बजावून सावध केलं होतं आणि त्यांचं सावधपण नेमकं त्या दारापाशी आपल्या हातानं काढून घेतलं होतं. फसवलं साडूनं. पण ज्यांची फसगत झाली त्यांच्या लेखी फसवणाऱ्याचा आवाज याचा होता.

घरी बायको पलंगावर धुतलेल्या चादरी पसरून घड्या घालत होती. ती वृद्धाश्रमात कामाला होती, आणि सुटीच्या दिवशी बहिणीकडे जाऊन पलंगांच्या चादरी बदलायला मदत करायची. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दवाखाना, बोट, कपाट, संत्रं, सगळं.

ती घडी घालत राहिली. "काय सांगताय" म्हणाली नाही. "ताई असं करेल?" म्हणाली नाही. चादरीची टोकं जुळवली, हातानं सुरकुती मोडली आणि घडी ढिगावर ठेवली.

तेव्हा त्याला उमगलं. तो समोरच्या खुर्चीत बसला.

"तुला माहीत होतं."

तिनं दुसरी चादर उचलली, मग तशीच मांडीवर ठेवली. "गेल्या वर्षी कळलं. एक पोरगी स्वयंपाकघरात ताईच्या पाया पडत होती. मी चादरी घेऊन जिन्यात उभी होते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुम्ही तडक उठून गेला असता, आज गेलात तसे. ती माझी बहीण आहे. आई गेल्यावर माझी वेणी तिनं घातली आहे. मी इथं पहिल्या वर्षी अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझं सगळं तिनं केलं. तिच्या घराला मी काडी लावू?"

"आणि मी? मी रोज गाडीत काय बोलत होतो ते तुला पाठ आहे. तू घरात नकला करायचीस माझ्या."

तिनं मांडीवरची चादर बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही घरी येऊन सांगायचात ना, आज अमकीला हे सांगितलं, तमका कसा हसला. तेव्हा तुमचा चेहरा उजळलेला असायचा. इथं दुसरं कोण विचारतं तुम्हाला? ते तुमच्याकडून काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं."

साडूचं बोलणं ऐकून त्याला राग आला होता. हे ऐकून मात्र त्याला रागही आला नाही. कुणीतरी त्याला लहान मुलासारखं खेळण्याशी गुंतवून ठेवलं होतं, आणि ते माणूस त्याला जीव लावणारं होतं. तो उठला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. नळ सोडून तसाच उभा राहिला.

पुढचे दोन-तीन दिवस तो फेऱ्यांना गेला नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. शिवणकामवाली बाहेर आली, त्याला बघून थबकली.

"आपल्या वकिलातीत जाऊ," तो म्हणाला. "मी सोबत येतो. काय झालं ते मी सांगेन."

"तुमच्या माणसांविरुद्ध?"

"मी सोडलं तिथं तुम्हाला. ते मलाच सांगावं लागेल."

ती लगेच हो म्हणाली नाही. विश्वास ठेवून एकदा पस्तावलेल्या माणसानं बघावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मी माझ्या मैत्रिणीला बरोबर घेईन. आणि तुमच्या गाडीतून येणार नाही." त्यानं मान हलवली. दोघी बसनं आल्या. तो व्हॅन घेऊन आधीच पोचला होता आणि पायऱ्यांवर थांबला होता.

वकिलातीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्याचा पासपोर्ट अडवून ठेवणं इथल्या कायद्यानं गुन्हा आहे, तक्रार पोलिसांत करावी लागेल, दुभाषा आम्ही देऊ, असं म्हणाल्या. पोलीस चौकीत त्याचा जबाब घेतला. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही या लोकांना त्या घरात नेऊन सोडत होता?" तो म्हणाला, "हो." "पासपोर्ट तिथं द्या असं तुम्ही सांगत होता?" दुभाष्यानं प्रश्न मराठीत आणला तेव्हा शिवणकामवाली त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "हो. मीच सांगत होतो." 'पण' असा शब्द त्याच्या तोंडात आला होता. तो त्यानं गिळला.

पोलीस साडूच्या त्या घरी गेले, कपाट उघडलं, पासपोर्ट ज्याचे त्याला दिले. साडूनं आकांडतांडव केलं नाही. तो फक्त म्हणाला, "माझ्या साडूला विचारा. तो सगळ्यांना सांगून आणायचा." ते खोटंही नव्हतं. आधीऐकाला पुन्हापुन्हा चौकीत बोलावलं गेलं, आणि चौकशी संपेपर्यंत विमानतळावरून माणसं आणायचा त्याचा परवाना थांबवला गेला. साडूचं राहायचं घर बंद झालं. खटला चालला, शिक्षा दंडावर निभावली, पण कारखान्यानं त्याच्याशी संबंध तोडले. माणसं पांगली, कुणी दुसऱ्या कामावर गेलं, कुणी परत गेलं.

शिवणकामवालीला तिकीट मिळालं तेव्हा आईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. आई वाचली होती, लेकीची वाट बघत होती. त्यानं निरोप पाठवला की विमानतळावर सोडायला मी येतो. तिनं उलट निरोप दिला की नको, बस आहे. त्यात राग नव्हता, आभारही नव्हते. त्याला ते बरोबर वाटलं, आणि लागलंही.

परवाना परत मिळाल्यावरही तो विमानतळाच्या फेऱ्यांकडे फिरकला नाही. आता तो एका बेकरीची गाडी चालवतो. पहाटे पावाचे ट्रे भरायचे आणि दुकानांत उतरवून द्यायचे. मागे बसून ऐकणारं कुणी नसतं. बेकरीतल्या लोकांना वाटतं, हा माणूस मुळातच अबोल.

साडूशी तो बोलत नाही. साडूही बोलत नाही. बायकोला मात्र बहिणीकडे जायचं असतं. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा खाली मान घालून विचारलं होतं. तो गाडीची किल्ली घेऊन उठला. थोरली आता शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहते. तो कोपऱ्यावर गाडी उभी करतो. बायको वर जाते. तो खाली बसून राहतो, काच थोडी खाली करून, रेडिओ न लावता. वरच्या खिडकीचा पडदा कधी हलतो, कधी नाही.

ती परत येऊन बसते तेव्हा तिचे डोळे ओले असतात. तो लगेच गाडी सुरू करत नाही.

"ताई बरी आहे ना?" तो विचारतो.

"बरी आहे," ती म्हणते.

एवढं बोलून झालं की तो आरशात मागचा रस्ता बघतो, आणि दोघं घरी जातात.